रंगासाठी पाणगोगलगायींची पैदास : रॅम्सहॉर्न आणि मिस्ट्री – निवड, नोंदी आणि नेहमीच्या चुका

निळीशाई

रॅम्सहॉर्न या पाणगोगलगायीचा रंग 'पक्का', म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तोच, कसा करायचा, हा प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्याने येतो. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट. दिसणारा रंग एका थरातून येत नाही. कवचाचं स्वतःचं रंगद्रव्य, कवचाखालच्या मँटलवरचे (अंगावरच्या मऊ पडद्यावरचे) डाग, आणि अंगाचा रंग, हे तीन थर एकावर एक दिसतात. रॅम्सहॉर्नच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. अंगातलं काळं रंगद्रव्य गेलं की तो लाल रंग थेट दिसतो. म्हणजे 'लाल' रॅम्सहॉर्नमध्ये लाल रंगद्रव्य वाढलेलं नसतं, काळं गायब झालेलं असतं. 'लेपर्ड' म्हणजे ठिपकेदार रॅम्सहॉर्न; तिचे ठिपके मँटलवर असतात आणि पारदर्शक कवचातून दिसतात. गोगलगाय मेली की रिकाम्या कवचावर ठिपके राहत नाहीत. त्यामुळे निवड सुरू करण्याआधी आपण नेमका कोणता थर निवडतोय, ते ठरवा. 'छान दिसते' म्हणून उचललेल्या दहा गोगलगायींमध्ये चार वेगवेगळी कारणं दडलेली असू शकतात.

दुसरी गोष्ट स्वफलनाची. टाक्यांमध्ये दिसणारी रॅम्सहॉर्न बहुतेक वेळा प्लॅनोर्बेला ड्युरी असते, मूळची फ्लोरिडाची. ती उभयलिंगी आहे. जोडीदार मिळाला तर त्याचं शुक्र वापरते, नाही मिळाला तर एकटीच अंडी घालते आणि पिल्लं निघतात. शिवाय परकं शुक्र कित्येक आठवडे, कधी महिनेही साठवते. मिश्र टाकीतून आणलेली मोठी निळी गोगलगाय वेगळ्या टबात ठेवली तरी तपकिरी पिल्लं देत राहते, ती यामुळेच. मोठ्या गोगलगायींची नुसती रंगावरून जोडी लावून काहीच सिद्ध होत नाही. सुरुवात करायची तर कोऱ्या, म्हणजे कधीच जोडी न लागलेल्या पिल्लांपासून.

कोरी पिल्लं अशी मिळवा:

1. निवडलेल्या गोगलगायीचा अंड्यांचा पुंजका काढा. टबाच्या भिंतीला पातळ प्लास्टिकची पट्टी टेकवून ठेवली तर पुंजके तिच्यावर येतात आणि न फाटता उचलता येतात.
2. पुंजका वेगळ्या बरणीत ठेवा. 25 अंशाला साधारण 8 ते 14 दिवसांत पिल्लं बाहेर पडतात, थंडीत जास्त दिवस लागतात.
3. कवचाचा व्यास 4 मिमी झाला की प्रत्येक पिल्लाला स्वतंत्र बरणी. 25 अंशाला प्रौढ व्हायला 6 ते 8 आठवडे लागतात, पण भरपूर खाणं मिळालं तर त्याआधीही. 6 मिमीपर्यंत थांबणं धोक्याचं.
4. एक लिटरची काचेची बरणी, तरंगत्या वनस्पतीचा एखादा तुकडा, आठवड्यातून दोनदा अर्धं पाणी बदल. हवेचा पंप लागत नाही.
5. एकटी गोगलगाय जोडीतल्यापेक्षा उशिरा अंडी घालते. तीन आठवडे काही झालं नाही तर घाबरू नका.

या एकट्या गोगलगायीच्या पिल्लांवरून तिच्या पोटात काय दडलंय ते कळतं. तपकिरी गोगलगायीत एखादं अप्रभावी जनुक (दोन्ही प्रती तीच असतील तरच रंग दाखवणारं) लपलेलं असेल तर स्वफलनाच्या पिल्लांत सरासरी चारात एक पिल्लू तो रंग दाखवेल. 16 पिल्लं मोजली आणि एकही निघालं नाही, तर जनुक लपलेलं असून चुकण्याची शक्यता फक्त एक टक्का उरते. 10च मोजली तर ती साडेपाच टक्के असते. एका पुंजक्यात बहुतेक वेळा 10 ते 40 अंडी असतात, त्यामुळे एकदोन पुंजके पुरतात.

---

पाणकणीस

चांगला धागा. एक शंका. दोन्ही निळ्या, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणच्या, दोन्ही कोऱ्या. त्यांना एकत्र ठेवलं तर पहिल्या पिढीत सगळी तपकिरी निघू शकतात का? की बरणीत बाहेरचं पिल्लू शिरलं असं समजायचं?

---

मोजमाप

दोन्ही शक्य आहे, पण वेगळं करता येतं.

बाहेरचं पिल्लू शिरलं असेल तर बरणीत वयांची सरमिसळ दिसते. सगळी एकाच मापाची, सगळी तपकिरी असतील तर दोन निळ्यांचं कारण वेगळं आहे. एकीत एक जनुक बिघडलेलं, दुसरीत दुसरंच. एकमेकींची उणीव त्या भरून काढतात आणि पिल्लं मूळ रंगावर जातात. लाल आणि निळ्याच्या संकरातून तपकिरी निघतात त्यामागेही बहुतेकदा हेच असतं. 'रंग बिघडला' म्हणून लोक ती पिढी टाकून देतात. टाकू नये. त्या तपकिरी पिल्लांची आपापसात जोडी लावली की पुढच्या पिढीत रंग परत येतात.

प्रमाण असं बघा. दोन वेगळी अप्रभावी जनुकं, दोन्ही निळाच रंग देणारी, तर दुसऱ्या पिढीत 16 पैकी 9 तपकिरी आणि 7 निळ्या. लाल × निळ्याच्या दुसऱ्या पिढीत दोन्ही अप्रभावी एकत्र आलेलं पिल्लू 16 पैकी 1. ते नक्की हातात यायला किती पिल्लं वाढवावीत? 95 टक्के खात्रीसाठी 47, 99 टक्क्यांसाठी 72. तीन अप्रभावी जनुकं जुळवायची तर 64 पैकी 1 आणि 95 टक्क्यांसाठी 191 पिल्लं. बरण्या किती लागतील ते यावर ठरवा. वीस पिल्लं वाढवून 'हा संकर जमत नाही' असा निष्कर्ष काढणं चुकीचं.

ही पद्धत नवी नाही. रॅम्सहॉर्नच्याच कुळातल्या बायोम्फॅलारिया ग्लाब्राटावर 1950च्या दशकात प्रयोगशाळांमध्ये पांढऱ्या, रंगद्रव्यहीन गोगलगायी खूण म्हणून वापरल्या गेल्या. कोरी पांढरी आणि रंगीत यांची जोडी लावायची. पांढरीच्या अंड्यांतून रंगीत पिल्लं निघाली की जोडी लागली हे सिद्ध. नंतर वेगळी ठेवल्यावर रंगीत पिल्लं किती दिवस निघत राहतात, ते पाहून साठवलेलं शुक्र कधी संपलं ते कळायचं. आपल्यालाही हेच करता येतं. लाल गोगलगाय म्हणजे फुकटची खूण.

---

शिंपला

याला जोडून एक तपासणी. कोरी म्हणून घेतलेली लाल गोगलगाय एकटी असताना तिच्या पिल्लांत एक जरी तपकिरी निघालं, तरी ती कोरी नव्हती. अप्रभावी रंगाच्या गोगलगायीला स्वफलनातून प्रभावी रंगाचं पिल्लू होत नाही. अशी बरणी ताबडतोब बाद करा. 'एकच तर आहे' म्हणून ठेवून दिलं की तीन पिढ्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

---

तळ्याकाठी

पिल्लांचा रंग किती मापाला बघायचा? 2 मिमीचं सगळंच फिकट दिसतं.

---

निळीशाई

अंगात काळं रंगद्रव्य आहे की नाही, ते 2 मिमीला दिसतं. पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी, खालून प्रकाश, वरून भिंग. लाल पिल्लू गुलाबी-नारिंगी, रंगद्रव्य असलेलं राखाडी. एवढीच विभागणी त्या वेळी करा.

निळा की तपकिरी, ते 5 ते 6 मिमीपर्यंत ठरवू नका. लेपर्डचे ठिपके 8 ते 10 मिमीला स्थिरावतात. लहानपणी दाट दिसणारे ठिपके कवच वाढलं की विरळ वाटू शकतात.

आणि शेवटचा अर्धा वेढाच बघा. कवच फक्त तोंडाकडे वाढतं, जुना भाग पुन्हा घडत नाही. मधल्या जुन्या वेढ्यांवर शेवाळ, पाण्यातल्या लोहाचा तपकिरी थर, झिजेचे पांढरे चट्टे असं सगळं साठतं. मऊ टूथब्रशने कवच पुसल्याशिवाय रंगावर निर्णय नको. तपकिरी म्हणून बाद झालेल्या आणि पुसल्यावर निळ्याच निघालेल्या गोगलगायी थोड्याथोडक्या नसतात.

---

मोजमाप

लेपर्डबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण तिथे वरचं एक-जनुकी गणित चालत नाही. ठिपक्यांची दाटी, आकार आणि रांगा एकाच जनुकाच्या हातात असल्यासारख्या वागत नाहीत. पिल्लांत 'आहे' किंवा 'नाही' असं न निघता कमीपासून जास्तपर्यंत सगळं निघतं. अशा गुणासाठी गुण देऊन निवड करावी लागते.

1 ते 5 असे गुण ठरवा. प्रत्येक गुणासाठी एक नमुना फोटो काढून ठेवा, नाहीतर महिन्याभरात तुमचा '4' बदलतो. प्रत्येक गोगलगायीचा फोटो 10 मिमीला, त्याच ताटलीत, त्याच दिव्याखाली, शेजारी पट्टी ठेवून. 60 ते 100 पिल्लांतून वरच्या 10 ते 15 ठेवा. दोन-तीन 'सर्वोत्तम' ठेवून पुढची पिढी काढली की ठिपके चटकन सुधारतात, पण चौथ्या-पाचव्या पिढीत अंडी कमी उबतात आणि वाकड्या कवचांची पिल्लं वाढतात. दोन समांतर वंश चालवा. दर तीन-चार पिढ्यांनी एका वंशातल्या कोऱ्या दुसऱ्या वंशातल्या कोऱ्यांशी जोडा.

सगळ्यात मोठा सापळा मात्र कवचाचा आहे. ठिपके कवचातून दिसतात. जितकं पातळ कवच, तितके ठिपके उठून दिसतात. म्हणजे डोळ्यांनी निवडताना नकळत पातळ कवच निवडलं जातं, किंवा त्याहून वाईट म्हणजे ज्या बरणीत कॅल्शियम कमी पडलंय ती बरणी निवडली जाते. निवडलेल्या गोगलगायींचं कवच बोटांच्या चिमटीत हलकेच दाबून बघा, वाकतंय असं वाटलं तर ती पैदाशीला नको, ठिपके कितीही सुंदर असोत. सगळ्या बरण्यांना एकाच साठ्यातलं पाणी वापरा, तरच तुलना खरी.

---

पाणकणीस

पाण्याची नेमकी मापं द्याल का? 'कॅल्शियम टाका' इतकंच सगळीकडे लिहिलेलं असतं.

---

शिंपला

जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) 8 ते 15, केएच (कार्बोनेट कठीणपणा) किमान 4, पीएच 7.2 ते 8. पीएच 7च्या खाली गेला की कवच विरघळायला लागतं, आधी सर्वात जुन्या मधल्या वेढ्यावर.

पोवळ्यांचा चुरा किंवा समुद्रफेस टाकून जीएच वाढत नाही अशी तक्रार वारंवार येते. कारण सोपं आहे. कॅल्शियम कार्बोनेट आम्लधर्मी पाण्यातच नीट विरघळतं. पीएच आधीच 7.8 असेल तर चुरा नुसता पडून राहतो. समुद्रफेस तरीही ठेवा, गोगलगायी तो खरवडून खातात. पण पाण्यातलं कॅल्शियम वाढवायचं तर जिप्सम वापरा.

हिशोब: 1 अंश जीएच वाढवायला दर लिटरला सुमारे 31 मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम. 50 लिटरला 4 अंश हवे असतील तर 6.1 ग्रॅम. केएचसाठी खाण्याचा सोडा, दर लिटरला 30 मिलिग्रॅमला 1 अंश. 50 लिटरला 3 अंश म्हणजे 4.5 ग्रॅम. जिप्सम हळू विरघळतं, म्हणून बादलीत आदल्या दिवशी घोळवून ठेवा, टबात कोरडी पूड टाकू नका. भिंतीच्या कामाचं जिप्सम घेऊ नका, त्यात इतर रसायनं असतात.

तापमान 22 ते 26. त्यावर वाढ भराभर होते, पण आयुष्य घटतं आणि कवच वाढीला पुरं पडत नाही. तांबं असलेली माशांची औषधं पूर्ण बंद. फेनबेन्डाझोल या जंतावरच्या औषधानेही गोगलगायी दगावतात, म्हणून औषध दिलेल्या टाकीतलं पाणी किंवा स्पंज या बरण्यांकडे आणू नका.

---

तळ्याकाठी

खाण्याबद्दल माझी भर. रंगाची तुलना करायची तर सगळ्यांना एकच खाणं. जेलीचं खाणं सोयीचं पडतं, कारण मोजून देता येतं. 200 मिली उकडलेल्या भाज्यांचा गाळ, त्यात 2 ते 3 ग्रॅम अगर-अगर उकळून, एक चमचा कॅल्शियम कार्बोनेटची पूड, एक चमचा माशांच्या खाण्याची भुकटी. पातळ थर ओतून थंड करा, एक सेंटिमीटरचे चौकोन कापून गोठवा. जिलेटिनही चालतं, पण 28 अंशांच्या पुढच्या पाण्यात ते मऊ पडून पसरतं आणि पाणी नासतं. भाज्यांत नुसता पालक नको. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. 12 तासांत न खाल्लेला तुकडा काढून टाका.

एका टबात खूप पिल्लं असली की मोठी वाढत राहतात आणि लहान खुंटतात. मग तुम्ही रंग निवडताय असं वाटतं, प्रत्यक्षात आधी बाहेर पडलेला पुंजका निवडताय. पाच लिटरच्या टबात 20 ते 25 पिल्लं, त्याहून जास्त नको.

---

पाणकणीस

मिस्ट्री स्नेलला हेच लागू पडतं का?

---

निळीशाई

नाही, बरंच बदलतं. मिस्ट्री म्हणजे पोमेशिया डिफ्यूसा. तिच्यात नर-मादी वेगळे, त्यामुळे स्वफलनाची सोय नाही. मादी शुक्र कित्येक महिने साठवते आणि एका पुंजक्याला एकाहून जास्त बाप असू शकतात. म्हणून प्रमाण मोजायचं तर कोरी मादी आणि एकच नर. तीन महिन्यांच्या आत, नर ओळखू येण्याआधीच, पिल्लं वेगळी करा. नर ओळखायचा तर गोगलगाय उलटी धरून ती बाहेर यायला लागली की तिच्या उजव्या बाजूला मँटलखाली जाड फिकट आवरण दिसतं का ते पाहा. ते मोठ्या नरात स्पष्ट दिसतं, लहानात फसवतं.

रंग तीन जोड्यांत समजून घेता येतो: अंग गडद की फिकट, कवच पिवळं की पांढरं, पट्टे आहेत की नाहीत. यात गडद अंग, पिवळं कवच आणि पट्टे हे प्रभावी. आठ मूळ रंग यातूनच बनतात.

- आयव्हरी: फिकट अंग, पांढरं कवच, पट्टे नाहीत. तिन्ही अप्रभावी, म्हणून आयव्हरी × आयव्हरीतून आयव्हरीच.
- ब्लू: गडद अंग, पांढरं कवच, पट्टे नाहीत. निळेपणा पांढऱ्या कवचाखालच्या गडद अंगाचा आहे, रिकामं कवच पांढरट दिसतं.
- गोल्ड: फिकट अंग, पिवळं कवच, पट्टे नाहीत.
- जेड: गडद अंग, पिवळं कवच, पट्टे नाहीत.

पट्टे आले की उरलेले चार, पण त्यांची नावं विकणाऱ्यागणिक बदलतात. नोंदीत नाव लिहू नका, तिन्ही गुण लिहा.

शुद्ध ब्लू आणि शुद्ध गोल्डची पहिली पिढी सगळी जेड निघते, निळी नाही आणि सोनेरीही नाही. त्यांच्या आपापसातल्या जोडीतून 16 पैकी 9 जेड, 3 ब्लू, 3 गोल्ड, 1 आयव्हरी. एखादी जेड काय वाहते ते तपासायला आयव्हरीशी जोडा. लपलेलं प्रत्येक अप्रभावी जनुक निम्म्या पिल्लांत उघडं पडतं. सात पिल्लांत एकही नाही म्हणजे चूक होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. एका पुंजक्यात 50 ते 200 अंडी असतात, त्यामुळे पिल्लांची कमतरता नसते, जागेची असते.

---

शिंपला

मिस्ट्रीचे पुंजके पाण्याच्या वर घातले जातात, तेव्हा झाकण आणि पाणी यांत 8 ते 10 सेंमी मोकळी जागा ठेवा आणि झाकण घट्ट बसवा, नाहीतर मादी बाहेर येते. ताजा पुंजका मऊ असतो, हात लावू नका. 24 तासांनी कडक झाला की हलकेच सरकवून काढा. झाकणाच्या डब्यात ओला करून पिळलेला कागद, त्यावर पुंजका, डबा टाकीच्या पाण्यावर तरंगता. 24 ते 28 अंशांना दोन ते तीन आठवडे. झाकणाच्या आतल्या बाजूचे थेंब पुंजक्यावर पडले तर अंडी बुडतात आणि बुरशी येते. पार कोरडा पडला तर पिल्लांना कवच फोडता येत नाही.

पोमेशिया कॅनालिक्युलाटा ही दुसरी जात आहे, ती वनस्पती फस्त करते आणि भातशेतीचं मोठं नुकसान करते. तिच्या कवचाच्या वेढ्यांमध्ये खोल खाच असते, अंडी भडक गुलाबी असतात. डिफ्यूसात वेढा वरून जवळजवळ सपाट, काटकोनात वळतो. युरोपीय संघाने 2012मध्ये पोमेशियाच्या सगळ्याच जातींच्या आयातीवर आणि प्रसारावर बंदी घातली. आपल्याकडची जादा पिल्लं कुठल्याही नाल्यात, तळ्यात, नदीत सोडायची नाहीत, रंग कितीही फिकट असो.

---

पाणकणीस

मग नको असलेल्या पिल्लांचं काय?

---

मोजमाप

निवडीतून बाद झालेल्या निरोगी गोगलगायी 'मिश्र' म्हणून स्वतंत्र टाकीत ठेवा, किंवा पाळणाऱ्याला 'मिश्र' असंच सांगून द्या. पफर आणि लोच हे गोगलगायी खाणारे मासे पाळणारे आनंदाने घेतात. वाकड्या कवचाच्या, अधू पिल्लांना मारायचंच असेल तर कठीण पृष्ठभागावर एका झटक्यात चिरडणं हाच सर्वात कमी त्रासाचा मार्ग. मीठ टाकू नये. मिश्र टाकी पैदाशीच्या बरण्यांपासून दूर आणि खालच्या फळीवर, म्हणजे तिथलं पाणी, जाळी, वनस्पती चुकून वर येणार नाहीत.

आणि जाता जाता: मलेशियन ट्रंपेट गोगलगायीवर हे सगळं करू नका. ती बहुतांशी नराशिवाय, स्वतःच्या प्रतीच जन्माला घालते, संकराला जवळजवळ वावच नाही. नेराइटची डिंभकं वाढायला खारं पाणी लागतं, साध्या टाकीत अंडी दिसतात पण पिल्लं होत नाहीत.

---

तळ्याकाठी

नवीन वनस्पतीवरून येणाऱ्या अंड्यांचं? तुरटीत बुडवून चालतं का?

---

शिंपला

भरवसा ठेवू नका, जेलीतली अंडी बऱ्याचदा वाचतात. वनस्पती वेगळ्या टबात 25 अंशाला चार आठवडे ठेवा. अंडी असतील तर तेवढ्यात फुटतात आणि पिल्लं काचेवर दिसतात. पैदाशीच्या बरणीत फक्त त्याच टबातली वनस्पती. जाळी आणि पिपेट प्रत्येक वंशाला वेगळी, हँडलला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी.

---

निळीशाई

बरणीवरच्या पट्टीवर मी सुचवेन इतकंच: वंश, पिढी, आईचा क्रमांक, पुंजक्याची तारीख, वेगळी केल्याची तारीख आणि तेव्हाचं माप. उदाहरणार्थ, 'नि-2 / पि 4 / आई 17 / पुंजका 3-6 / वेगळी 2-7 / 4 मिमी'. मोठ्या गोगलगायीच्या कवचावर क्रमांक टाकायचा तर कवच कागदाने कोरडं करून नेलपॉलिशचा एक ठिपका, मधल्या वेढ्यावर, तोंडापासून लांब. दोन मिनिटं हवेत वाळू द्या आणि मगच पाण्यात सोडा. वेगळी केल्याची तारीख आणि माप लिहायचं राहिलं असेल तर ती गोगलगाय कोरी धरू नका.